सिएम रीपची आरोग्यशाला

कंबोडियातल्या सिएम रीप शहरातून आंग्कोर वाटच्या देवळापाशी सूर्योदय पाहायला पहाटे पाचला निघालो, तेव्हा रस्त्याकडेचं काहीच दिसलं नव्हतं. दहाच्या सुमारास त्याच रस्त्याने परतताना एका फाटकापाशी मोटरसायकलींची ही गर्दी! कडेवर पोरं घेतलेल्या बायका, डोक्यावर नाहीतर गळ्यात चौकड्यांचा क्रामा. आपल्या पंचासारखं हे कापड, ऊन लागलं की डोईला आणि मूल झोपलं की त्याची झोळी. मला वाटलं, इथे काही जत्राबित्रा असेल.

"हॉस्पिटल. कांथा बोफा," आमचा टुकटुकवाला म्हणाला. त्याची धाकटी डेंग्यूने आजारी पडली होती, ती इथेच सात दिवस होती. ताईने लगेच विचारलं, "पैसे किती लागले?" त्याने मागे वळून रिकामा तळवा दाखवला.

ताई गप्प झाली. कशामुळे ते मला ठाऊक होतं. तिच्या मुलाला डेंग्यू झाला तेव्हा प्लेटलेट वीस हजारांवर आल्या होत्या आणि आधी डिपॉझिट भरा, मग बेड, असं काउंटरवर सांगितलं होतं. रात्री अकराला भाऊजी पैसे गोळा करत फिरत होते. पोरगा वाचला, पण त्या काउंटरसमोरचा तो तास ताई अजून विसरलेली नाही.

तिच्याच आग्रहाने आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे गेलो. फाटकावरचं नाव 'जयवर्मन सातवा', हा बाराव्या शतकातला ख्मेर, म्हणजे कंबोडियाचा, सम्राट. रुग्णालय मात्र 1999 सालचं, आणि ते उभं करणारा माणूस स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचा. बेआट रिखनर, मुलांचे डॉक्टर. 1974-75 मध्ये ते राजधानी नोम पेन्हच्या कांथा बोफा रुग्णालयात काम करत होते. राजे नोरोदोम सिहानूक यांची चिमुकली मुलगी ल्युकेमियाने गेली होती, तिचं हे नाव. एप्रिल 1975 मध्ये ख्मेर रूज हे जहाल कम्युनिस्ट नोम पेन्हमध्ये शिरले आणि रिखनरना देश सोडावा लागला. पुढच्या पावणेचार वर्षांत पंधरा-वीस लाख माणसं मेली. डॉक्टर तर ठरवून मारले गेले.

रिखनरनी झुरिकमध्ये स्वतःचा दवाखाना थाटला. तिथेच राहिले असते तरी कुणी त्यांना बोल लावला नसता. 1991 मध्ये ते कंबोडियात परतले तेव्हा त्यांचं जुनं रुग्णालय मोडकळीला आलं होतं. ते पुन्हा उभं करा, अशी विनंती त्यांना झाली. 1992 मध्ये कांथा बोफा सुरू झालं, मग दुसरं, तिसरं. सिएम रीपचं हे तिसरं. उपचार फुकट, औषधं फुकट, मूल कुणाचंही असो.

पैसा कुठून आला? रिखनर चेलो, म्हणजे मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य, वाजवायचे. 'बेआटोचेलो' या नावाने ते दर शनिवारी इथे कार्यक्रम करत. बाख या जर्मन संगीतकाराचं संगीत वाजवायचं, मध्येच थांबून रुग्णालयाबद्दल बोलायचं, आणि शेवटी मागायचं: तरुणांनी रक्त द्या, म्हाताऱ्यांनी पैसे द्या, मधल्यांनी दोन्ही द्या. बहुतेक खर्च अशा देणग्यांवर चालला, त्यातल्या पुष्कळशा स्विस लोकांच्या.

त्यांच्यावर टीकाही खूप झाली. गरीब देशाला सीटी स्कॅन आणि आधुनिक प्रयोगशाळा कशाला, हे परवडणारं वैद्यक नव्हे, असं आंतरराष्ट्रीय संस्थांमधल्या तज्ज्ञांचं म्हणणं होतं. रिखनरनी जुमानलं नाही. निदान चुकलं तर औषध वाया जातं आणि मूलही हातचं जातं, आणि गरिबांसाठी कमी प्रतीचं वैद्यक असा वेगळा प्रकार असूच शकत नाही, यावर ते ठाम होते. नर्सेस आणि डॉक्टरांना घर चालेल इतका पगार दिला, म्हणजे कुणाला पेशंटपुढे हात पसरायला नको. असं दीर्घकाळ कसं चालणार, ही शंका रास्त होती हे मला मान्य. पण ताईचा तो काउंटर आठवला की मी रिखनरच्याच बाजूने उभी राहते. ते 2018 मध्ये गेले. रुग्णालय चालू आहे, आणि ख्मेर डॉक्टरच ते चालवतात. 2017 मध्ये आंग्कोरचं एका दिवसाचं तिकीट 37 डॉलर झालं, तेव्हापासून दर तिकिटामागे दोन डॉलर कांथा बोफाला देण्याचं ठरलं.

वॉर्डांत आम्ही गेलो नाही, जायचंही नव्हतं. आजारी पोरं काय बघायची गोष्ट आहे? रक्तदानाच्या खोलीत गेलो. डेंग्यूच्या गंभीर मुलांना, थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना रक्त लागतं. माझं हिमोग्लोबिन कमी भरलं, ताईचं चाललं. ती डोळे मिटून पडली होती. नर्सने तिच्या हातावर हात ठेवला आणि ख्मेरमध्ये काहीतरी म्हणाली.

दुपारी टुकटुकवाल्याने ता केओ मंदिराच्या पश्चिमेला झाडीतल्या एका छोट्या दगडी देवळापाशी नेलं. जयवर्मनच्या आरोग्यशाळेचं हे देऊळ. हो, शब्द आपलाच, 'आरोग्यशाला'. ता प्रोम मंदिराच्या 1186 च्या शिलालेखात अशा 102 आरोग्यशाळांची नोंद आहे. इमारती लाकडी होत्या, त्या गेल्या. दगडाची देवळं तेवढी उरली. आरोग्यशाळांच्या संस्कृत शिलालेखांत मध, तीळ, कापूर, वेलची अशी औषधांची यादी आहे, आणि चारही वर्णांवर इथे उपचार व्हावेत असं स्पष्ट लिहिलं आहे. राजाबद्दल म्हटलंय: राष्ट्रदुःखं हि भर्तॄणां दुःखं दुःखं तु नात्मनः. प्रजेचं दुःख तेच राजाचं दुःख, स्वतःचं ते दुःख नव्हे. मी ती ओळ ताईला दोनदा म्हणून दाखवली. दुसऱ्यांदा तीही सोबत म्हणाली.

तुम्ही आंग्कोरला जाणार असाल तर रक्तदानासाठी मंदिरांच्या धावपळीचा दिवस धरू नका. त्या उन्हात आंग्कोर वाटच्या उभ्या पायऱ्या चढवत नाहीत. भरपूर पाणी प्या, पोटभर खाऊन जा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. रुग्णालय आंग्कोर वाटच्या रस्त्यावरच आहे, कुठल्याही टुकटुकवाल्याला 'कांथा बोफा' एवढंच सांगा.