केरीच्या वाटेवर रागमाला

ऐन पावसात गोव्याला कशाला, असं घरी सगळ्यांनी विचारलं. पण मला समुद्र बघायचाच नव्हता. फोंडा तालुक्यातलं केरी बघायचं होतं, गायिका केसरबाई केरकरांचं गाव. कुळागरं म्हणजे माडा-पोफळीच्या बागा, भरून वाहणारे पाट, शेवाळलेले चिरे. अर्ध्या दिवसात फिरून होतं.

मुक्काम फोंड्याला, आत्याच्या ओळखीतल्या गाण्याच्या एका सरांकडे. खरा खजिना त्यांच्या ओसरीवर निघाला. भिंतभर रागमालेच्या, म्हणजे राग-रागिणींना माणसांचं रूप देऊन काढलेल्या चित्रांच्या छापील प्रती, ओलीने कडा पिवळ्या पडलेल्या. तोडी रानात वीणा घेऊन उभी, आणि हरणं गवत विसरून तिच्याकडे बघतायत. आसावरीच्या अंगाखांद्यावर चंदनाच्या झाडावरून उतरलेले साप. मालकंस मात्र सिंहासनावर, आणि शेजारची स्त्री त्याला विडा देतेय!

"मध्यरात्री गायचा मालकंस असा विडे खात बसतो होय?" मी विचारलं.

सर हसले. "चितारी गाणं ऐकून नाही काढायचे, ध्यानश्लोकावरून काढायचे, म्हणजे रागाचं रूप सांगणाऱ्या श्लोकावरून. शिवाय तेव्हाचा मालकंस आजच्यासारखाच होता, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

सहा राग, प्रत्येकाच्या पाच रागिणी, असा छत्तीसांचा संसार. (रागांना बायका वाटून देणाऱ्यांनी रागिणींना विचारलं नसणार.) मेवाडात चावंडला नसीरुद्दीनने 1605 मध्ये असा संच रंगवला. दख्खनमध्येही ही चित्रं त्याआधीपासून होत होती. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा तर स्वतः गीतं रचायचा. गोवा तोवर आदिलशाहीच्या हातून कधीच गेला होता.

मी सर्वांत जास्त रेंगाळले भैरवीपाशी. शिवलिंगापुढे बसलेली, हातात टाळ, समोर तळ्यात कमळं. चेहरा बाजूने काढलेला, त्यामुळे तिचा एकच लांबट डोळा दिसतो, तोही पूजेत गुंतलेला. सरांनी केसरबाईंची 'जात कहाँ हो' लावली. 1977 मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अवकाशात गेली, तीच भैरवी. त्या बोलांत पूजाबिजा काही नाही, एकटी निघालेल्या गोरीला हटकणं आहे. चित्र पूर्ण सोवळ्यातलं, आणि गाणं वाट अडवून उभं.

"मग चित्र चुकलं म्हणायचं का?" सर म्हणाले.

मला नाही तसं वाटत. चितारी श्लोकाशी इमान राखून होता, केसरबाई सुरांशी. दोघांना एकाच नावाखाली बसवलं ते आपण.