१:५० बंबांचा ताफा, अपडेट ४: शिडीवाली गाडी आडवी झाली

मंडळी, बरेच दिवसांनी लिहितोय पण पाच अग्निशामक बंबांची १:५० मॉडेलं (खऱ्याच्या पन्नासाव्या भागाएवढी) बनवायचं काम चालूच होतं. पाचपैकी पंपर (आगीवर पाणी मारणारी गाडी) आणि बाउझर (जादा पाण्याचा टँकर) पूर्ण झाले, शिडीवाली अर्ध्यावर आहे, क्रॅश टेंडरची (विमानतळावरचा बंब) नुसती चेसिस म्हणजे खालचा सांगाडा उभा आहे आणि रेस्क्यू टेंडरला (सुटकेची अवजारं नेणारी गाडी) अजून हात लावलेला नाही.

पंपरची टाकी कापताना हिशोब केला, खऱ्या गाडीत ४००० लिटर पाणी असेल तर १:५० मध्ये (लांबी, रुंदी, उंची तिन्ही पन्नासपट कमी) ते फक्त ३२ मिली होतं, म्हणजे दोन मोठे चमचे! आणि खऱ्या गाडीतही ते फार पुरत नाही, मिनिटाला २००० लिटरने पाणी मारलं तर टाकी दोन मिनिटांत रिकामी, म्हणून तर पंपरला हायड्रंट (रस्त्यावरचा पाण्याचा नळ) नाहीतर मागे उभा बाउझर लागतोच. माझा बाउझर १२००० लिटरचा धरलाय, ९६ मिली. त्याची एक बाजू उघडी ठेवलीय, आतले पाणी अडवणारे पडदे दिसावेत म्हणून. हे पडदे नसतील तर अर्धी भरलेली टाकी वळणावर सगळं पाणी एका बाजूला फेकते आणि गाडी उलटू शकते. बाहेरून कुणाला दिसत नाहीत पण माझ्या मते बाउझरचा जीव त्यातच आहे.

होजचं (पाण्याच्या पाईपचं) पण सांगतो कारण मॉडेलमध्ये इथे खूप जण चुकतात. पाणी मारायचा होज रिकामा असला की चपटा असतो, घड्या घालून ठेवता येतो, त्यासाठी मी बुटाची चपटी नाडी वापरली, एकदम बरोबर दिसते. पण तळ्यातून किंवा विहिरीतून पाणी ओढायचा सक्शन होज तसा करायचा नाही, पंप आतली हवा काढतो तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब मऊ पाईप चेपून टाकेल, म्हणून तो कडकच असतो. गाडीच्या बाजूला किंवा टपावर सरळ ठेवतात तो हाच. तारेवर हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवून केला.

आता शिडी. टर्नटेबल लॅडर (फिरत्या चकतीवरची शिडी) ३० मीटरची धरली म्हणजे मॉडेलमध्ये ६० सेंमी, चार टप्पे, एकात एक सरकणारे. पहिला टप्पा खऱ्या गाडीत हायड्रॉलिकने सरकतो आणि पुढचे टप्पे वायर रोपने ओढले जातात, मी रोपच्या जागी शिवणकामाचा दोरा लावला, एक टप्पा बाहेर ओढला की बाकीचे आपोआप निघतात, ते पहिल्यांदा झालं तेव्हा जाम आनंद झाला. मग शिडी पूर्ण काढून बाजूला फिरवली आणि गाडी धाडकन आडवी. शेवटचे दोन टप्पे वाकले.

आधी वाटलं मागे शिशाचे तुकडे टाकून वजन वाढवू, पण मग विचार केला की खऱ्या गाडीत काय करतात? गाडीची रुंदी अडीच मीटर, मॉडेलमध्ये पाच सेंमी, तेवढ्यावर ६० सेंमीची शिडी बाजूला झुकवली तर पडणारच. खरा बंब आधी चार जॅक (आधाराचे पाय) बाजूला काढतो, भार चाकांच्या स्प्रिंगवरून जॅकवर घेतो, मऊ जमीन असेल तर जॅकच्या पायाखाली फळ्या टाकतो आणि मगच शिडी उचलतो, एका बाजूचे जॅक पूर्ण निघाले नसतील तर आजच्या गाड्यांची यंत्रणा शिडीला त्या बाजूला जास्त लांब जाऊच देत नाही. म्हणून जॅक आता खरंच सरकणारे केलेत, पितळी चौकोनी नळीत नळी, टोकापासून टोकापर्यंत १० सेंमी फाकतात. शिडी ६० सेंमी बाहेर, बाजूला, आणि गाडी हलली नाही! उंचीचा मोह असणाऱ्यांसाठी, ब्रॉन्टो स्कायलिफ्ट कंपनीचा ११२ मीटर उंच जाणारा प्लॅटफॉर्म या स्केलला २ मीटर २४ सेंमी होईल, तो मी करणार नाहीये.

क्रॅश टेंडरबद्दल थोडंच. विमानतळावर ही गाडी धावपट्टीच्या टोकापर्यंत तीन मिनिटांत पोचली पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, शिवाय ती चालता चालता फेस मारते, साध्या पंपरला सहसा थांबूनच पंप चालवावा लागतो. फेसच का, तर इंधन पाण्यापेक्षा हलकं, पाणी खाली जातं आणि जळतं इंधन वर तरंगत पसरतं, फेस त्यावर पांघरूण घालतो. त्यामुळे टपावरचा आणि बंपरवरचा असे दोन्ही मॉनिटर (फेस मारायच्या तोफा) फिरणारे हवेत, टपावरच्याचा सांधा झालाय, बंपरवरचा या आठवड्यात. वाकलेले दोन टप्पे नवीन कापून ठेवलेत, चिकटवले की शिडीला प्रायमर.