लाईत मेली

एप्रिलातली दुपार. बाहेर बेचाळीस अंश, आणि आत शहाबादी फरशीवर चटईसुद्धा न टाकता आम्ही दोघं आडवे, मी आणि माझा अडीच वर्षांचा नातू. डोक्यावरचा पंखा हळू झाला, थांबला. पलीकडच्या घरातला माग खटखटायचा थांबला. नातवानं वर बघून जाहीर केलं, "आजी, लाईत मेली."

मी हसले, पण तो गंभीर होता. मेली म्हणजे काय हे त्याला नुकतंच कळलंय. चार दिवसांपूर्वी अंगणात एक मुंगळा मेला होता आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला तुळशीच्या कुंडीत पुरलं होतं. "लाईत मातीत थेवायची?" त्यानं विचारलं. उन्हाळ्यात दुपारची लाईट जाते तेव्हा सोलापुरात तिच्याबद्दल काय काय बोललं जातं ते मी जन्मभर ऐकलंय, वेळप्रसंगी बोललेही आहे. पण तिची माती करावी असं कुणाला सुचलं नव्हतं.

त्याचा क अजून घशात उमटत नाही. क चा त होतो, ग चा द. केळं म्हणजे तेळं, गाडी म्हणजे दादी, आणि काका म्हणजे ताता. या शेवटच्यानं घोटाळा केलाय. आमचं घर पूर्व भागाच्या कडेला. भिंतीला भिंत लागून पद्मशाली कुटुंब, घरातच टॉवेलचे माग, बोलणं सगळं तेलुगूत. आणि तेलुगूत ताता म्हणजे आजोबा. माझा धाकटा मुलगा संध्याकाळी कामावरून आला की नातू "ताता आला, ताता आला" करत फाटकाकडं पळतो. धाकट्यासाठी सध्या स्थळं बघणं चालू आहे. शेजारची अव्वा ओट्यावरूनच म्हणते, "पोरगी कोण देणार रे तुला? लग्नाआधीच ताता झालास की!" पहिल्यांदा तोही हसला होता. कानावर एक पांढरा केस सापडल्यापासून हसत नाही.

नातवाचा अर्धा दिवस अव्वाकडं जातो, त्यामुळं नकार त्याच्याकडं दोन भाषांत तयार असतो. भाकरीला "वद्दु". आंघोळीला "नतो". फारच जबरदस्ती झाली तर "वद्दु नतो". दारावर येणारी भाजीवाली अक्कलकोटकडची, तिच्याकडून कानडी "साकु" उचललंय. दूध ओतताना पेला भरत आला की हात आडवा धरून म्हणतो, "साकु साकु." सून पुण्याची. तिला तेलुगू, कानडी सगळं चालतं, कौतुकच वाटतं. पण परवा तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मला म्हणाला, "आजी, ताय तललालीस?" म्हणजे करलालीस, अस्सल सोलापुरी, आणि तिचा चेहरा पडला. "काय करतेस म्हणायचं, राजा. करतेस." मी भांड्याकडं तोंड करून उभी राहिले. सोलापूरनं पुण्यावर मिळवलेला एवढा स्वच्छ विजय मी दुसरा पाहिलेला नाही.

शेंगाच्या चटणीला त्यानं स्वतःचं नाव पाडलंय. बोटाच्या टोकाला लावून चाखली, तोंड उघडून हाऽ हाऽ केलं, पाणी प्याला, आणि तेव्हापासून ती हाहा. "हाहा दे." पाहुण्यांसमोर मागितली की सांगत बसावं लागतं.

पाहुण्यांचं निघालंच म्हणून सांगते, मला दोन गोष्टी खपत नाहीत. एक म्हणजे पोराला खुर्चीवर उभं करून "म्हण बाळा, त्या दिवशी काय म्हणाला होतास, म्हणून दाखव" करणं. पोर हमखास मुकं होतं, आणि पाहुणे गेल्यावर चपला मोजत तेच वाक्य दहादा म्हणतं. दुसरी म्हणजे मोठ्या माणसांचं बोबडं बोलणं. आमच्याकडं येणाऱ्या एक बाई आहेत, चांगल्या शिकलेल्या. त्या त्याला बघून "आमतं बाल तुते दाणाल?" असं सुरू करतात. बाळ मान वर करून त्यांच्याकडं बघत राहतं. बाईंना काहीतरी झालंय अशी त्याची समजूत असावी.

गंमत म्हणजे बोबडं त्याला स्वतःलाच चालत नाही. एकदा रस्त्यावरून रिक्षा गेली तेव्हा मी मुद्दाम त्याच्यासारखं म्हटलं, "दादी गेली." तो चिडला. "दादी नाई! दादी!" मी पुन्हा म्हटलं, "हो, दादी." "दादी नाई ले! दाऽऽदी!" मग मी सरळ म्हटलं, "गाडी." "हां," म्हणाला, सुटलो एकदाचा अशा सुरात. म्हणजे कान तयार आहेत, जीभच मागं राहिलीय.

ओठांची अक्षरं आधी येतात, घशाची नंतर, हे घरोघरी दिसतं. ब म्हणायला काय लागतं? ओठ मिटले, उघडले, झालं. तरी "पहिला शब्द बाबा म्हणाला" हे माझा मोठा मुलगा आजही परीक्षेत पहिला आल्यासारखं सांगतो. चार्ल्स डार्विननंही आपल्या मुलाच्या बाळपणीच्या नोंदी ठेवल्या होत्या, १८७७ साली त्या छापून आल्या. त्यात आहे की पोरानं बरोबर वर्षाचा असताना खाण्यासाठी स्वतःच एक शब्द काढला, मम. हे वाचलं तेव्हा मला मोठी मौज वाटली. इंग्लंडातलं साहेबाचं पोर जेवायला मम मागत होतं, आणि आमच्याकडं वरणभाताला मंमं म्हणतात.

माझा भाऊ मात्र मंमंही म्हणत नव्हता. तीन वर्षांचा झाला तरी नुसतं बोट दाखवायचा. आजी रोज सकाळी सहाणेवर वेखंड उगाळायची, मधात कालवून त्याच्या जिभेला लावायची, आणि तो रोज थुंकायचा. कुणी सांगितलं देवाला बोला, कुणी सांगितलं पोपटाचा उष्टा पेरू द्या. आई काही बोलायची नाही, पण गल्लीतलं त्याच्याच वयाचं एखादं पोर बडबडायला लागलं की उठून आत जायची.

त्या संक्रांतीला वडील आम्हाला नंदीध्वजांची मिरवणूक बघायला घेऊन गेले. हिरेहब्बू वाड्यापासून सात नंदीध्वज निघतात, बाराबंदी घातलेले मानकरी ते उंचच्या उंच ध्वज पेलत सिद्धेश्वराच्या देवळाकडं चालतात. मी वडिलांचा सदरा धरून, भाऊ त्यांच्या खांद्यावर. मला लोकांच्या पाठींशिवाय काही दिसत नव्हतं. पहिला ध्वज जवळ आला आणि गर्दी उसळली, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" आवाज खाली बसतो न बसतो तोच वरून, एकट्यानं, कर्कश्श आवाजात, "हल्ल बोला हल्ल!"

वडील जागीच थांबले. मागची माणसं त्यांच्यावर आदळली, कुणीतरी ओरडलं. वडिलांनी त्याला खांद्यावरून उतरवून समोर धरलं आणि म्हणाले, "काय म्हणालास?" तो पुन्हा म्हणाला. आजूबाजूचे हसले, आणि एका मानकऱ्यानं घामाघूम चेहऱ्यानं त्याच्याकडं बघून दिलं ठोकून, "हल्ल बोला हल्ल!" घरी येईपर्यंत भावानं तोंड मिटलं नाही. गड्ड्यावरून, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतून, घेतलेली पिपाणी त्यानं वाजवलीसुद्धा नाही, आवाज त्याचा स्वतःचाच पुरत होता. आजीनं श्रेय वेखंडाला दिलं. भाऊ आता विमा विकतो. त्याचा फोन आला की मी आधी गॅस बंद करते.

जन्मभर मी शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळं नातवाच्या चुका माझ्या कानाला जास्त लागतात. आणि त्यातल्या निम्म्या चुका नाहीतच. बस-बसला, उठ-उठला, हस-हसला, मग कर-करला का नाही? "मी तलला," तो म्हणतो. नियम त्यानं पाळलाय, मोडलाय तो आपण. केला आणि गेला यांची घोकंपट्टी घेताना हे मी कुठल्याच वर्गाला सांगितलं नाही, साहेबांची तपासणी असायची.

तो "मी आले" म्हणतो. "मी जेवले, मी पडले." म्हणणारच. दिवसभर कानावर बायका, मी, त्याची आई, अव्वा. बाप रात्री आठला येतो. कोल्हापूरकडं पोरी सर्रास आलो, गेलो म्हणतात, कुणी दचकत नाही. इथं पोरगा आले म्हणाला की बाप जेवता जेवता थांबतो. "आले नाही, आलो. मुलगी आहेस का तू?" हाच बाप बालवाडीत जाईपर्यंत "मी सांडले, मी सांडले" करत घरभर फिरायचा. त्याला कुणी शिकवलं नाही, पोरांत खेळायला लागला आणि आपोआप आलो-गेलो झालं. माझ्या वर्गात आले म्हणणारा पोरगा कधी आला नाही. हे मी दोनदा सांगून पाहिलं. आई, तुम्हाला कळत नाही, एवढंच उत्तर.

रविवारी तो उंबऱ्याला अडखळून पालथा पडला. गुडघा सोलवटला, रक्त आलं. ओठ वाकडा झाला, श्वास आत गेला, आता भोकाड पसरणार म्हणून मी उठले. त्यानं आधी बापाकडं पाहिलं. मग श्वास सोडला आणि एकेक अक्षर जपून म्हणाला, "बाबा, मी पडलो. ललत नाई."

बापानं टाळ्या वाजवल्या, सूनही हसली. वाक्य शुद्ध होतं, माझ्या वर्गात पैकीच्या पैकी मिळाले असते. मला ते मुळीच आवडलं नाही.