आई, झाडू ठेव खाली!

गेल्या मे महिन्यात आई कराडहून आमच्याकडे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टूसॉनला आली. जेट लॅग उतरायच्या आतच तिनं मागच्या अंगणातल्या शेडला हात घातला. मी ऑफिसच्या कॉलवर होते. सहज खिडकीतून बघते तर पदर खोचलेला, शेडचं दार सताड उघडं आणि हातात झाडू. कॉल म्यूट करायचंही भान राहिलं नाही. "आई, झाडू ठेव खाली! आधी बाहेर ये!" हे आमच्या अख्ख्या टीमनं ऐकलं.

"अगं, उंदराच्या लेंड्या आहेत नुसत्या. जन्मभर झाडल्यात मी."

झाडल्यात, खरंय. पण ॲरिझोनात वाळक्या लेंड्या झाडणं हीच तर चूक. संध्याकाळी चहा घेताना मी तिला 1993 ची गोष्ट सांगितली. न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा ही चार राज्यं जिथे एका बिंदूत भेटतात, त्या भागात त्या वसंतात धडधाकट तरुण माणसं दोन-चार दिवसांच्या तापानं मरायला लागली. फुफ्फुसात पाणी भरायचं. निघाला हंटाव्हायरस, डिअर माऊस नावाच्या गोजिरवाण्या रानउंदरात राहणारा. त्याच्या मुतात, लेंड्यांत, लाळेत विषाणू असतो. ते वाळतं, झाडू फिरला की धूळ उडते आणि श्वासावाटे आत जाते. आजार झालेल्या तिघांतला साधारण एक दगावतो.

आदल्या वर्षी एल निन्योमुळे पाऊस चांगला झाला होता, पिन्यॉन नावाच्या पाइनच्या झाडांना बिया अमाप आल्या आणि उंदीर बेसुमार वाढले. तिथल्या नावाहो या मूळनिवासी जमातीतल्या वडीलधाऱ्यांना हे ठाऊक होतं. पावसाच्या वर्षांनंतर असे मृत्यू पूर्वीही झालेत, उंदराला घरात थारा देऊ नये, असं ते सांगत होते. विषाणूला आधी जागेवरून नाव द्यायचं चाललं होतं, पण आपल्या गावाचं नाव रोगाला कोण लावून घेईल? शेवटी नाव पडलं 'सिन नोम्ब्रे', म्हणजे स्पॅनिशमध्ये बिननावाचा.

आई गप्प झाली. मग म्हणाली, "आणि ते शेडमागचं काय आहे?"

ते पॅकरॅटचं घर. पांढऱ्या गळ्याचा, मोठ्या कानांचा, शेपटीवर केस असलेला हा उंदीर दिसायला बरा असतो, पण त्याचा संसार बघा! काटक्या, फड्या निवडुंगाचे तुकडे आणि चोया नावाच्या निवडुंगाच्या काटेरी कांड्या रचून गुडघ्याएवढा ढीग. आमच्या ढिगात कपड्यांचे तीन चिमटे, मुलाचा निळा क्रेयॉन आणि पाण्याच्या नळीची पितळी चकती दिसत होती. मागच्या वर्षी यानंच माझ्या गाडीच्या वायरी कुरतडल्या. मेकॅनिकनं बॉनेट उघडून इंजिनावरची चोयाची कांडी दाखवली आणि बिल हातात ठेवलं, सातशे डॉलर. म्हणून इथे काही लोक, उंदराला आडोसा मिळू नये यासाठी, रात्री बॉनेट उघडं ठेवून झोपतात. आईला वाटलं होतं, गल्लीतल्या सगळ्या गाड्या बिघडल्यात.

पॅकरॅटचेही स्वतःचे विषाणू आहेत. न्यू मेक्सिकोतल्या पॅकरॅटमध्ये सापडलेला व्हाइटवॉटर अरोयो हा त्यातलाच, आफ्रिकेतल्या लासा तापाच्या विषाणूच्या कुळातला. पण आमच्या घरात चर्चा असते ती त्याच्या घरातल्या पोटभाडेकरूची. मे ते जुलै, पाऊस सुरू व्हायच्या आधीच्या उकाड्यात, तो रात्री दिव्याकडे उडत येतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात आईच्याच उशीवरच्या भिंतीवर एक बसला होता. दोन सेंटिमीटरचा, काळपट, कडेला नारिंगी पट्टे, निमुळतं डोकं.

"ढेकूणच आहे की हा. पंखवाला," आई म्हणाली, आणि चिवड्याच्या रिकाम्या डब्यात तिनंच तो पकडला.

नात्यानं ती फार चुकली नाही. इंग्रजीत याला किसिंग बग म्हणतात, कारण झोपलेल्याच्या चेहऱ्याला चावतो. हा पॅकरॅटचं रक्त पितो आणि पॅकरॅटमधला ट्रिपॅनोसोमा क्रुझी हा परजीवी पोटात बाळगतो. त्यापासून चागास होतो, वर्षानुवर्षं गुपचूप राहून हृदय पोखरणारा रोग. टूसॉनमध्ये गोळा केलेल्या 164 किड्यांच्या तपासणीत 41.5 टक्के किड्यांत हा परजीवी सापडला होता. तरी इथे माणसांना चागास क्वचितच होतो, कारण परजीवी चाव्यातून नाही, किड्याच्या विष्ठेतून जातो, आणि आमचे किडे सहसा जेवून दूर गेल्यावर घाण करतात. एवढी सभ्यता आहे त्यांच्यात! मात्र चाव्याचीच ॲलर्जी काहींना जिवावर बेतते. तेव्हापासून आईचा पलंग भिंतीपासून हातभर लांब.

प्लेगचं नाव मी मुद्दामच काढलं नव्हतं, तिनंच काढलं. तिच्या आजीच्या लहानपणी 'उंदीर पडले' की अख्खं गाव घरं सोडून माळावर झोपड्यांत राहायला जायचं. मी म्हटलं, तोच प्लेग. 1896 मध्ये मुंबईला आलेली ती साथ जहाजांबरोबर फिरत 1900 साली सॅन फ्रान्सिस्कोला पोचली आणि शहरी उंदरांतून रानातल्या खारींत, उंदरांत शिरली. मुंबईतून तो गेला, इथल्या रानातून गेलाच नाही. आमच्या उत्तरेला, फ्लॅगस्टाफकडे, प्रेअरी डॉगची, म्हणजे बिळांत राहणाऱ्या खारीच्या जातीच्या प्राण्यांची, वसाहत अचानक ओस पडली की आरोग्य खात्याची माणसं बिळांतल्या पिसवा तपासतात. म्हणजे तेच, उंदीर पडणं.

शनिवारी आम्ही शेड साफ केलं. अर्धा तास दार उघडं ठेवून लांब उभ्या राहिलो. मग रबरी हातमोजे, कोविडच्या वेळचे उरलेले एन-95, एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी. लेंड्या चिंब भिजवायच्या, पाच मिनिटं थांबायचं, मग कागदी टॉवेलनं उचलायच्या.

"म्हणजे सगळं उलटं," आई मास्कमधून म्हणाली. "आधी सडा, मग केर."

पाच मिनिटं मोजायला फोन काढायचा तर मोजे उतरवावे लागणार. आई म्हणाली, "राहू दे," आणि उपड्या बादलीवर बसून अथर्वशीर्ष सुरू केलं. मास्कमुळे शब्द अर्धेच ऐकू येत होते. फलश्रुती संपल्यावर मी पहिला टॉवेल फाडला.