आईची मांडणी

"अगं, ही तर मांडणी!" वरच्या पायवाटेवरून खाली घरात डोकावत आई इतक्या मोठ्याने म्हणाली की शेजारचे दोघे वळून बघायला लागले.

स्कारा ब्रे, ऑर्कनी बेटं. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेला, अगदी समुद्राच्या कडेला. वारा असा की टोपी धरूनच चालायचं. घरं सुमारे ५००० वर्षांपूर्वीची, गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधीची. १८५०च्या वादळाने वरची वाळू उडवली तेव्हा दिसली. मी हे सगळं तिला वाचून दाखवत होते, बाईसाहेबांचं लक्षच नाही.

मधोमध चूल. दोन्ही अंगांना दगडी पलंग. आणि दारातून शिरताच समोर मांडणी, तीही दगडाचीच, कारण झाडं फारशी नव्हतीच. "समोर ठेवलीय बघ, येणाऱ्याला दिसायला. आमची पितळेची भांडी अशीच असायची."

अभ्यासकांचाही एक अंदाज तोच आहे: ठेवणीतल्या वस्तू तिथे मांडत असतील. आईने फलक वाचला नव्हता हं!

परतताना बसमध्ये बराच वेळ गप्प होती. मग एकदम म्हणाली, "रोज पुसत असेल का गं ती?"