बाग दमली आहे

रविवार, एप्रिल

दुपारी जेवून आडवी झाले ती थेट चारला उठले. जाग आल्याबरोबर मनात आलं, आजचा दिवस फुकट गेला. साहेब असं कधी बोलत नाहीत आणि घरात मला विचारणारं कोणी नाही. तरी कोर्सचे धडे, जर्मनचा वर्ग आणि वाचायची पुस्तकं यांची यादी मीच करते, मीच तपासते आणि मीच स्वतःवर रागावते. गोदापार्कला फिरायला जाते तर तिथेही मोबाइलवर पावलं मोजत असते. दहा हजार भरली नाहीत तर नदीकाठचा गार वाराही अंगाला लागत नाही.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘बर्नआउट’ची व्याख्या केली. त्यांच्या मते हा आजार नाही, नीट न हाताळलेल्या कामाच्या ताणातून येणारी अवस्था आहे. व्याख्या नोकरीपुरतीच आहे. सुट्टीच्या दिवशी जो ताण मी स्वतःच स्वतःला देते, तो तिच्यात बसत नाही.

गेल्या आठवड्यात निफाडकडे घरी गेले होते. द्राक्षं उतरवून झाली होती. यानंतर उन्हाळ्यात खरड छाटणी करतात, म्हणजे वेलीच्या जुन्या काड्या कापून नव्या फुटीला वाट करून देतात. नानांना विचारलं, “खरड छाटणी कधी धरताय?” म्हणाले, “घाई नको. बाग दमलीय, राहू दे तिला थोडे दिवस.”

लहानपणापासून हे ऐकत आले, पण यावेळी नीट विचारून घेतलं. घड पोसताना वेलीच्या खोडातला, ओलांड्यातला म्हणजे मांडवावरच्या आडव्या फांद्यांतला, मुळांतला अन्नाचा साठा खर्च होतो. माल काढल्यावर पानं वेलीवरच ठेवतात, पाणी चालू ठेवतात, थोडं खतही देतात. तो साठा परत भरला की मग छाटणी. घाई केली तर डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, मागेपुढे फुटतात. छाटणीनंतर नव्या काडीच्या डोळ्यात उन्हाळ्यातच घड तयार व्हायला लागतो. बाहेरून काहीच दिसत नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, जो घड बाहेर येतो, त्याचं बरंचसं या महिन्यांत ठरलेलं असतं. म्हणजे विश्रांती हे वेलीला चांगल्या पिकाबद्दल दिलेलं बक्षीस नव्हे. पीक पडलं, गारपिटीने झोडपलं, तरी ती द्यावीच लागते. मी मात्र आधी काम दाखव, मग बस, असा हिशोब स्वतःशी लावते.

हे सगळं सांगताना नाना उभेच होते. हातात पाइपचा तुकडा, लक्ष ड्रिपच्या नळीकडे. आई टीव्हीसमोर बसली तरी मांडीवर मेथीची जुडी. आमच्या घरात दुपारी पडलेल्या माणसाला “बरं वाटत नाही का?” असंच विचारतात. मला कोणी काही शिकवलं नाही, मी बघत आले. वेलीची इतकी काळजी घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या पाठीची नाही, हे बघून पोटात तुटलं.

संध्याकाळी फोन केला. छाटणीचे मजूर गुरुवारी येणार आहेत. “तोवर दोघं नाशिकला या, काही काम काढू नका,” म्हटलं. नाना आधी “बघू” म्हणाले, मग आईशी बोलून “मंगळवारी सकाळच्या एसटीने येतो” म्हणाले. मी मंगळवार-बुधवारची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात नेहमी ‘घरगुती काम’ लिहिते. आज ‘विश्रांती’ लिहिलं.