ग्रे कापड

यादीत 26 नावं टाइप केलेली होती. सगळ्यात खाली निळ्या पेनानं 27वं लिहिलं होतं: ‘जॉबर मामा’. जॉबर म्हणजे माग लावून देणारा, दुरुस्त करणारा. पण नाव नाही, आडनाव नाही. फोटोच्या फायलींना मी यादीवरूनच नावं देतो, नाहीतर नंतर कुणाच्या नावावर कुणाचा चेहरा जातो. म्हणून ऑफिसातल्या मॅडमना पूर्ण नाव विचारलं. त्यांनी शेजारच्याला विचारलं, त्यानं अकाउंट्सला. ‘सगळे मामाच म्हणतात ओ,’ असं उत्तर आलं.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा कारखाना. महिना डिसेंबर. जानेवारीत जर्मनीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल हे घरगुती कापडाचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथं यांचा स्टॉल होता आणि त्याआधी वेबसाइट नवी करायची होती. जुन्या साइटवरचे फोटो मी आदल्या रात्री बघून ठेवले होते. एक्स्पोर्ट मॅनेजरचा फोटो कुठल्यातरी लग्नातून कापलेला, खांद्यावर दुसऱ्याचा हात तसाच राहिलेला. एकाच्या डोळ्यावर महाबळेश्वरचा गॉगल. क्वालिटीच्या साहेबांचा तर सरळ आधार कार्डावरनं स्कॅन केलेला. सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला जीआय मानांकन आहे हे पहिल्या पानावर ठळक अक्षरात. आणि ते विणणारी, विकणारी माणसं अशी.

सकाळी ऑफिसची माणसं होती, कॉन्फरन्स रूममध्ये. हे काम आता हाताला बसलंय. 85 एमएमची लेन्स, एफ 5.6, मागं राखाडी कागदाचा रोल, माणूस त्याच्यापासून पाच फूट पुढं, डोळ्यांच्या थोडं वर आणि बाजूला सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी पांढऱ्या पडद्याची पेटी, हनुवटीखाली थर्माकोलचा तुकडा. माणशी तीन मिनिटं. पहिलं मिनिट शर्टाची कॉलर आणि कपाळावरचा घाम टिश्यूनं टिपण्यात जातं, दुसरं माणूस खोटं हसण्यात घालवतो, तिसऱ्यात फोटो मिळतो. चष्मेवाल्यांच्या काचेत सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन दिसतो. तेव्हा लाइट आणखी वर न्यायचा आणि चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलायला सांगायच्या, काचा खाली झुकतात, चौकोन निघून जातो. बारीक चेक्सचा शर्ट घालू नका असं मी आधी कळवतो, कारण कॅमेऱ्यात त्या चेक्सवर इंद्रधनुष्यासारख्या लाटा उमटतात. कळवलं की निम्मे लोक हमखास बारीक चेक्स घालून येतात.

पण कारखान्यातलं काम कॉन्फरन्सपेक्षा शंभर पटीनं बरं. गेल्या वर्षी एका हॉटेलात डॉक्टरांच्या परिषदेत हेडशॉटचा, म्हणजे नुसत्या चेहऱ्याच्या फोटोचा बूथ लावला होता. आयोजकांनी जागा दिली जेवणाच्या हॉलच्या दाराशी. खाली लाल गालिचा, त्याचा तांबूस रंग प्रत्येकाच्या गळ्यावर. सकाळभर कुणी फिरकलं नाही, आणि जेवण झाल्यावर 60 डॉक्टर एकदम रांगेत. सगळ्यांना दोनची सेशन गाठायची, आणि प्रत्येक तिसऱ्याच्या दातात शेंगाचटणी. मी शल्यविशारदांना आरसा दाखवत उभा. तेव्हापासून बूथ रजिस्ट्रेशनच्या टेबलाशेजारीच, अशी अट कोटेशनमध्येच लिहितो.

असो. साडेबाराला ऑफिस संपलं आणि धाकटे शेठ म्हणाले, आता आतल्यांचे घ्या. परदेशी खरेदीदार हल्ली विचारतात, माल कोण बनवतं. मी म्हटलं, पाठवा एकेकाला. एकही आला नाही. अर्ध्या तासानं कळलं, चपला काढून एसी खोलीत कार्पेटवर यायचं आणि मालकाच्या खुर्चीशेजारी उभं राहायचं, हे कुणालाच नको होतं. त्यांचं बरोबरच होतं. मग मीच सामान उचललं आणि फोल्डिंग खात्यात गेलो.

तिथं जाताना दारात अडकून राखाडी कागद फाटला. मी तिथल्या एका पोराला म्हटलं, ‘गड्या, एखादं ग्रे कापड बघ ना.’ तो पळत गेला आणि फिकट पिवळसर, कच्च्या रंगाचा अख्खा तागा खांद्यावर घेऊन आला. मी म्हटलं, ग्रे रे, ग्रे. तो म्हणाला, ‘हे ग्रेच आहे की!’ तेव्हा आठवलं. कापडाच्या धंद्यात ग्रे म्हणजे राखाडी नव्हेच. मागावरून उतरलेलं, ब्लीच न केलेलं, रंग न चढलेलं कापड म्हणजे ग्रे. आजोबा गिरणीत होते आणि मला हे फोटोग्राफर झाल्यावर आठवावं लागलं. तोच तागा दोरीवर टाकला. खरं सांगतो, त्या रंगापुढं चेहरे राखाडी कागदापेक्षा चांगले आले.

थर्माकोलची गरजच उरली नाही. पांढऱ्या टॉवेलची चळत हनुवटीच्या खाली रचली, तिच्यावरून उजेड इतका मऊ परततो की दुकानातला रिफ्लेक्टर लाजेल. फक्त डावीकडं गडद निळ्या टॉवेलची ऑर्डर पडली होती, आणि पहिल्या पाच जणांचे डावे गाल निळसर झाल्यावर मला ते कळलं. ती ऑर्डर ढकलायला तिघं लागले.

दुसरी भानगड रुईची. मागाच्या खात्यात कापसाचे बारीक तंतू हवेत सतत तरंगतात आणि केसांवर, भुवयांवर, मिशीवर बसतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. पण केसांची कड उजळावी म्हणून मी मागं एक लाइट ठेवतो, त्या लाइटमध्ये प्रत्येकाच्या डोक्याभोवती पांढरं जाळं पेटलं. कॉम्प्युटरवर ते एकेक काढायचं तर माणशी अर्धा तास. मी मागचा लाइट बंद करून टाकला. आवाजाचं तर विचारूच नका. भिंतीपलीकडं रॅपियर नावाचे नव्या पद्धतीचे माग चालू, माझं ‘हनुवटी पुढं, थोडी खाली’ कुणालाच ऐकू येईना. पण ही माणसं दिवसभर हातांनीच बोलतात. मी बोटानं दाखवलं की लगेच कळायचं. ऑफिसवाल्यांना जे तीन वेळा सांगावं लागलं ते यांनी एका खुणेत केलं.

मामा सगळ्यात शेवटी आले. उंच, सडपातळ, हातात पान्हा. तो ठेवायला जागा शोधली आणि शेवटी पँटच्या मागच्या खिशात खोचला. मी सवयीप्रमाणं त्यांना थोडं तिरकं उभं केलं, डावा गाल कॅमेऱ्याकडं. नियम असा की जवळचा डोळा नेमका फोकसमध्ये पाहिजे. आता कॅमेराच डोळा शोधून धरतो. दोन-तीन फोटो घेतले आणि लॅपटॉपवर मोठं करून बघितलं. डाव्या बुबुळावर, अगदी मधोमध, रुईचा एक तंतू आडवा पडला होता. मला माझ्याच डोळ्यात खुपल्यासारखं झालं. ‘मामा, डोळ्यात काहीतरी गेलंय.’ त्यांनी रुमाल काढला आणि चष्म्याची काच पुसावी तसा डोळा पुसला. पापणीसुद्धा लवली नाही.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आणि मी तेच केलं जे कुणीही केलं असतं: काही न बोलता त्यांना दुसरीकडं वळवलं. उजवा डोळा पुढं, डावी बाजू सावलीत. लाइटही थोडा सरकवला म्हणजे सावली आणखी दाट पडावी. फोटो छान आला. मासिकात छापावा असा.

मामा लॅपटॉपजवळ आले. इतर कुणी आलं नव्हतं. सावलीवर बोट ठेवून म्हणाले, ‘हा कुठं गेला?’

मी म्हटलं, असाच चांगला दिसतोय, मामा.

‘कुणाला?’

मला उत्तर सुचेना. मग मामाच बोलायला लागले, थोडं मराठी, थोडं तेलुगू. भूकंपाच्या साली, म्हणजे 1993ला, दुसऱ्या एका ठिकाणी साध्या मागावर होते. त्या मागांना आडवा धागा नेणारा धोटा असतो, लाकडी, टोकाला लोखंड, मिनिटाला शेकडो वेळा इकडून तिकडं. एखादे वेळी तो रस्ता सोडतो आणि उडतो. ‘आपलं नशीब, डोळ्यावर बसला. कानशिलावर बसला असता तर आज फोटो हार घालून असता.’ इथल्या रॅपियरला धोटाच नाही, त्यामुळं इथल्या पोरांना ती भीतीच माहीत नाही, हे त्यांनी जरा तक्रारीच्या सुरात सांगितलं. मग हसले. ‘आधारला गेलो तर त्यांचं मशिन म्हणलं एकच डोळा सापडला. मग दोन्ही पंजे वर करून फोटो काढले माझे. चोरागत. तेव्हापासून कुणी सरळ काढलाच नाही बघा. सगळे आपले आडवेच काढतेत.’

बोटांचे किंवा डोळ्यांचे ठसे पूर्ण मिळाले नाहीत की आधारवाले चेहरा आणि दोन्ही तळहात मिळून एक वेगळा फोटो घेतात. नियमच आहे. पण त्यांनी पंजे वर करून दाखवले तेव्हा फोल्डिंगच्या बायका खो-खो हसल्या आणि मामाही.

मग सरळ काढायचं ठरलं. इथं अडचण आली. तो डोळा हलत नाही आणि बसलाय किंचित बाहेरच्या बाजूला. मामा लेन्सकडं बघायचे आणि डावा डोळा निळ्या टॉवेलच्या ऑर्डरीकडं. ‘मी इकडं बघलालोय, त्यो माल मोजलालाय,’ मामा म्हणाले. आठ-दहा फोटो वाया गेले. शेवटी उलटीकडून सुरुवात केली. उजवा डोळा विसरायचा. मान हळूहळू उजवीकडं फिरवत न्यायची, जोवर न हलणारा डोळा नेमका लेन्सवर येत नाही. तिथं मान थांबवायची, आणि मग चांगल्या डोळ्याला म्हणायचं, ये आता. मी बोटानं दाखवत होतो, चिमटीएवढं, आणखी चिमटीएवढं. मामांना दोन खुणांत समजलं. ‘हे तर सेटिंग झालं की,’ म्हणाले, आणि स्वतःच मान जागेवर बसवली.

सॉफ्टबॉक्सचा ठिपका दोन्ही डोळ्यांत सारखा चमकला. कृत्रिम डोळा ओला असला तर खऱ्यासारखाच चमकतो, त्यासाठी त्यांनी खिशातून थेंबांची बाटली काढून एक थेंब टाकला होता. फोटोत नीट बघितलं तर फरक कळतो. कळावा तेवढाच कळतो.

निघायला संध्याकाळ झाली. वाटेत नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच काठ्या, पेलण्याचा सराव चालू होता. सिद्धेश्वर यात्रा महिन्यावर आली की असा रस्ता अडतो आणि कुणी हॉर्न वाजवत नाही. गाडी बंद करून बसलो होतो तेवढ्यात धाकट्या शेठचा फोन. फोटोंचे नमुने त्यांनी पाहिले होते. सगळे आवडले. ‘मामांचा तेवढा डोळा सारखा करून द्या. उजवा कॉपी करून उलटा चिकटवायचा, पाच मिनिटांचं काम.’

पाच नाही, दहा मिनिटांचं काम आहे. मी रात्री करूनही पाहिलं, खोटं कशाला बोलू. उलटा करून चिकटवला की चमकेचा ठिपकाही उलटतो, मग एका डोळ्यात लाइट डावीकडून आणि दुसऱ्यात उजवीकडून. तोही दुरुस्त केला. शेवटी समोर एक गुळगुळीत, अनोळखी गृहस्थ होते, एखाद्या पतपेढीचे संचालक असावेत तसे. मुरूम, पुटकुळी, दाढी करताना झालेली जखम मी न विचारता काढतो, पंधरा दिवसांनी ती तशीही जाणार असते. हे 1993 सालापासूनचं होतं. फाइल डिलीट केली आणि शेठना जसा होता तसा फोटो पाठवला, सोबत दोन ओळी. चार दिवस उत्तर नाही. पैसे वेळेवर आले.

वेबसाइटवर शेवटी सावलीतलाच फोटो लागला, आडवा. खाली लिहिलंय ‘सीनियर टेक्निशियन’ आणि पूर्ण नाव. म्हणजे नाव कुठंतरी सापडलं.

फेब्रुवारीत मामा स्टुडिओत आले, बायकोला घेऊन. 58 पूर्ण होतायत, पीएफच्या पेन्शनचा फॉर्म भरायचाय, त्याला नवरा-बायकोचा जोडीनं फोटो लागतो. मी तयारी करेपर्यंत मामांनी मान बरोबर जागेवर नेऊन ठेवली होती आणि बायकोला तेलुगूत काहीतरी सांगत होते, बहुधा हलू नकोस. रिवाजाप्रमाणं मी मावशींना त्यांच्या डाव्या हाताला बसवलं.

मामा मान न हलवता म्हणाले, ‘हिकडं बसवा हिला, उजवीकडं. तिकडं असली की दिसत न्हाई.’